गार हातांची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे आजोबा विंचू उतरवायचे. सातारा जिल्ह्यात पाटणच्या बाजूला, कोयनेच्या खोऱ्यात आमचं गाव. गावात मुसलमानांची सात घरं. आजोबांना आम्ही पोरं ‘बडे अब्बा’ म्हणायचो आणि अख्खं गाव ‘मुल्लाचाचा’ म्हणायचं. रात्री दारावर थाप पडली की घरात सगळ्यांना कळायचं, कुणाला तरी विंचू चावलाय. मग तो पाटलाच्या वाड्यातला असो, बौद्धवस्तीतला असो, की वरच्या धनगरवाड्यावरचा. बडे अब्बा उठायचे, वजू करायचे, कंदिलाच्या उजेडात दंशाची जागा बघायचे आणि ओठातल्या ओठात दुवा पुटपुटत त्या जागेवरून खाली हात फिरवत फुंकर घालायचे. पैशाला शिवायचे नाहीत. कुणी नारळ ठेवलाच, तर तो तिथंच फोडून पोरांना वाटून टाकायचे.

आणि विंचू उतरायचा, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. बोंबलत आलेला माणूस दोन-तीन तासांत कण्हण्यावर यायचा, पहाटे त्याचा डोळा लागायचा आणि दुसऱ्या दिवशी तो ‘चाचा, उतरलं बघा’ असं सांगायला पुन्हा दारात उभा राहायचा.

आज जी गोष्ट सांगायची आहे, ती या बडे अब्बांची आहे आणि सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाला, महाडला दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांचीही आहे. हे दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण एका मुलाच्या गार पडलेल्या हातांनी त्या दोघांची गाठ माझ्या मनात कायमची घातली आहे.

1981 सालचा मे महिना. मी दहा वर्षांचा होतो आणि माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा. पावसाच्या आधी वैरण आत घ्यायची गडबड चालली होती. रात्री जेवणं व्हायच्या सुमाराला तो पडवीत रचलेल्या पेंढ्यावर चढला आणि ‘चावलं’ म्हणून ओरडला. अब्बांनी कंदील धरला. इंगळी नव्हती. बोटाएवढा, तांबूस रंगाचा विंचू होता. अब्बांनी तो वहाणेनं ठेचला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कारण आमच्याकडे भीती असायची ती मोठ्या काळ्या इंगळीची. एवढ्याशा विंचवाचं काय, बडे अब्बा तर घरातच आहेत.

बडे अब्बांनी दुवा म्हणायला सुरुवात केली. भाऊ थोडा वेळ रडला आणि मग गप्प झाला. इतर माणसांना तासन् तास लागायचे, हा अर्ध्या तासात शांत झाला. दादी म्हणाली, ‘‘उतरलं. घरचंच लेकरू आहे, लवकर उतरलं.’’ मग त्याला दोनदा उलटी झाली. जेवल्यावर चावलं म्हणून झाली असेल, असं वाटलं. त्याला घाम सुटला, इतका की सदरा पिळून काढावा. मे महिना होता, उकाडा होता. अम्मीनं घाईघाईनं त्याच्या कमरेवर चादर ओढली, तेव्हा का ओढली ते मला कळलं नाही. मी त्याच्या शेजारी झोपलो होतो. त्याचा हात माझ्या हाताला लागला, तो आडातून काढलेल्या पाण्यासारखा गार होता. मी अम्मीला म्हणालो, ‘‘याचा हात गार लागतोय.’’ ती म्हणाली, ‘‘घामानं असेल. झोप.’’

मध्यरात्रीनंतर त्याला धाप लागली. त्याला झोपवेना, बसवून धरावं लागे. पहाटे दुधाची गाडी आली, तिच्यातून त्याला एका दवाखान्यात नेलं. तोवर त्याच्या तोंडातून गुलाबीसर फेस यायला लागला होता. तिथं त्याला दोन इंजेक्शनं दिली. उजाडायच्या आत तो गेला. तिथं आम्हाला सांगण्यात आलं, ‘‘विंचवानं माणूस मरत नाही. पोरगं घाबरून गेलं.’’

म्हणजे माझा भाऊ विंचवानं मेला, अशी कुठल्या कागदावर नोंद झालीच नाही. तो धसक्यानं गेला, असं गावानं धरलं. बडे अब्बांनी काय धरलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मी बी. ए. झालेला, कवितेतला माणूस. वैद्यकशास्त्र माझं क्षेत्र नव्हे. पुढं नोकरीनिमित्त सांगलीला आलो. तिथं कविसंमेलनात एका डॉक्टर मित्राची ओळख झाली. बोलता बोलता भावाची गोष्ट निघाली. तो काही बोलला नाही. आठवडाभरानं घरी आला आणि माझ्या हातात दोन लेखांच्या झेरॉक्स प्रती ठेवल्या. ही 1997 सालातली गोष्ट. लेख इंग्रजीत होते, लंडनहून निघणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकातले. त्या साप्ताहिकात जगभरातल्या मोठमोठ्या विद्यापीठांतले संशोधक लिहितात. या दोन्ही लेखांखाली मात्र पत्ता होता महाडचा आणि नाव होतं डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचं.

बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. देहेड हे त्यांचं गाव. गरिबीतून शिकून ते नागपूरला डॉक्टर झाले, आणि 1976 च्या सुमाराला महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. त्या काळी कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं मरत होती. गवताच्या गंजीत, कौलांखाली, रचलेल्या विटांत, अंगणात काढून ठेवलेल्या चपलेत हा विंचू लपतो. चावतो तो शेतकऱ्याला, मजुराला, गवत काढणाऱ्या बाईला आणि खेळणाऱ्या पोराला. म्हणजे ज्यांच्या मरणाची बातमी होत नाही, अशा माणसांना.

या मरणाबद्दल आधी कुणी काहीच लिहिलं नव्हतं, असं नाही. 1961 साली मुंडले नावाच्या आपल्याकडच्या एका डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशाविषयी लिहिलं होतं. इस्रायलमध्ये डॉ. मोशे गेरॉन यांनी तिकडच्या विंचवाचं विष थेट हृदयावर कसं उठतं, ते 1970 च्या सुमाराला मांडलं होतं. पण गावात बसलेल्या डॉक्टरनं नेमकं काय करायचं, याचं उत्तर हाताशी नव्हतं. अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं, स्टिरॉइड, अ‍ॅट्रोपीन, झोपेची औषधं, जे कपाटात असेल ते दिलं जायचं. आणि रोगी जायचा तो जायचाच.

बावस्करांकडे प्रयोगशाळा नव्हती. होती ती नाडीवर ठेवायची बोटं, घड्याळ, रक्तदाबाचं यंत्र, स्टेथोस्कोप आणि केसपेपर. त्यांनी एक साधी गोष्ट केली. विंचू चावलेल्या माणसाजवळ ते बसून राहिले आणि काय काय होतं ते क्रमानं लिहून काढत गेले. किती वाजता चावलं, उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, नाडी किती, रक्तदाब किती, हात कधी गार पडले, धाप कधी लागली. एका रोग्याचं असं लिहिलं तर ती एक हकीकत होते. पण पन्नास रोग्यांचं तसंच, त्याच क्रमानं लिहिलं, की त्या हकीकतींतून एक वाट दिसायला लागते.

ती वाट त्यांनी 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. माझा भाऊ गेल्यावर एका वर्षानं. त्या लेखाचं सार असं, की लाल विंचवाच्या दंशानं हृदय बिघडणार असेल तर ते अचानक बिघडत नाही, आधी सूचना देतं. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला सुटणारी लाळ, गार पडलेले हातपाय आणि मुलग्यांमध्ये लिंगाला येणारा ताठरपणा. ही लक्षणं दिसली की समजावं, पुढच्या काही तासांत हृदयावर आणि फुफ्फुसांवर संकट येणार आहे. नुसता ठणका असलेला रोगी, मग तो कितीही ओरडत असो, बहुधा सुखरूप घरी जातो. उलट जे मूल अत्यवस्थ होणार असतं, त्याला ठणका बऱ्याचदा फारसा नसतो.

डिक्शनरी शेजारी ठेवून मी हे वाचत होतो. ‘गार हातपाय’ हे शब्द आले आणि माझा हात आपोआप दुसऱ्या हातावर गेला. ताठरपणाचं वाचलं आणि अम्मीनं ओढलेली चादर आठवली. तिनं ते पाहिलं होतं. आईच ती, तिनं लाजेनं झाकलं. एका लेकराच्या अंगावर मरणाच्या सगळ्या सूचना एकेक करून उमटल्या होत्या. आमच्यातल्या प्रत्येकानं त्यातली एकेक पाहिली होती. त्या एकाखाली एक लिहायला मात्र तिथं कुणी नव्हतं. आणि सगळ्यात वाईट सूचना होती त्याचं शांत होणं. त्यालाच आम्ही ‘उतरलं’ म्हणालो होतो.

आपल्याकडे विंचवाची ओळखच मुळी ठणक्यावरून. एकनाथ महाराजांनी विंचवावर भारूड रचलं, तेव्हा काम आणि क्रोध माणसाला कसा तळमळायला लावतात हे सांगायला त्यांना विंचू जवळचा वाटला. भारुडात विंचू चावलेलं सोंग नाचतं, ओरडतं आणि समोरची माणसं हसतात. जो ओरडतो त्याच्याकडे आपण धावतो. न ओरडणाऱ्याकडे बघायला त्या काळच्या पुस्तकांनी दवाखान्यांनाही शिकवलेलं नव्हतं, तिथं आमच्या घराला कोण शिकवणार?

असं का होतं, हे मला त्या मित्रानं समजावून दिलं. लाल विंचवाचं विष नसांमधली बारीक दारं उघडीच ठेवतं. त्यामुळं नसा थांबायचं विसरतात आणि शरीरात अ‍ॅड्रेनलिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन यांचा पूर येतो. वाघ समोर आल्यावर घटकाभर जे होतं, ते इथं तासन् तास चालू राहतं. हातापायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रक्त कातडीपर्यंत पोचत नाही, म्हणून हात गार. त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय दमतं. दमलेल्या हृदयामागं रक्त फुफ्फुसांत तुंबतं आणि फुफ्फुसांत पाणी झिरपतं. मग धाप आणि शेवटी तो गुलाबी फेस. म्हणजे तो फेस हा शेवटचा अंक. पहिला अंक चार-सहा तास आधी सुरू झालेला असतो आणि तो वाचायला फक्त हाताला हात लावावा लागतो.

कारण कळलं की उपायाची दिशा कळते. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध सलाइनमधून देऊन पाहिलं. त्यानं गुण येत होता, पण ते थेंब मोजत, रक्तदाबावर सतत नजर ठेवूनच द्यावं लागतं. खेड्यातल्या एकट्या डॉक्टरनं ते कसं द्यायचं? मग त्यांचं लक्ष गेलं प्राझोसिनकडे. रक्तदाबावरची ही गोळी. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संदेशालाच ती अडवते. ती तोंडानं देता येते, स्वस्त आहे, बर्फात ठेवावी लागत नाही. ठरावीक तासांनी देत राहायची आणि हातपाय ऊबदार लागायला लागले की थांबवायची. पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रोग्याला आडवं ठेवायचं, मुलाला कडेवर उचलायचं नाही, एवढी काळजी.

1986 साली डॉ. हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दोघांच्या नावानं हा उपाय ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. माझ्या हातातला दुसरा लेख तोच. प्राझोसिनच्या आधी गंभीर लक्षणं झालेल्या शंभर रोग्यांतले पंचवीस-तीस दगावायचे. नंतर ते प्रमाण दोन-तीनांवर आणि पुढं एकाच्याही खाली आलं. मधल्या काळात बावस्करांनी पुण्यात पुढचं शिक्षण घेऊन एम. डी. केलं होतं. शहरात राहता आलं असतं. ते महाडलाच परतले.

या गोळीचं मोल आमच्या सातारा-सांगलीच्या माणसाला चटकन कळेल. आमच्याकडे दुखणं हाताबाहेर गेलं की एकच वाक्य निघतं, ‘मिरजेला न्या.’ त्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. विल्यम वॉनलेस नावाच्या कॅनडातल्या मिशनरी डॉक्टरनं 1894 साली मिरजेला रुग्णालय उघडलं आणि 1897 साली तिथंच वैद्यकीय शाळा काढली. जवळजवळ चाळीस वर्षं ते त्या कामात होते. 1928 मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. पुढं 1962 मध्ये मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. डोळ्यांच्या, पोटाच्या दुखण्यासाठी माणसं गाड्या जुंपून मिरजेला यायची आणि बरी होऊन जायची. मिरजेनं आम्हाला दवाखान्यावर विश्वास ठेवायला शिकवलं, हे मोठंच काम.

पण विंचवाचं विष मिरजेपर्यंत वाट बघत नाही. आमच्या गावाहून मिरज शंभर किलोमीटरच्या पुढं. 1981 साली रात्री कराडपर्यंत पोचायलाही वाहन नव्हतं. ज्या दुखण्यात हातात चार-सहा तास असतात, त्यावरचा उपाय मोठ्या रुग्णालयात असून उपयोग नाही, तो पहिल्या डॉक्टरच्या कपाटात असायला हवा. म्हणून हे संशोधन महाडसारख्या ठिकाणी होणं, हा मला योगायोग वाटत नाही. मोठ्या शहरात विंचवाचा रोगी आलाच तर शेवटच्या अंकात यायचा. पहिला अंक बिरवाडीतच दिसत होता. फक्त तो बघून लिहून ठेवणारा माणूस तिथं असावा लागतो.

यापुढची गोष्ट मला या उपायाइतकीच महत्त्वाची वाटते. प्राझोसिनमुळं बावस्करांचं नाव झालं. त्यावर ते थांबू शकले असते. विंचवावर उतारा म्हणून घोड्यांच्या रक्तातून काढलेली लसही असते. मुंबईच्या हाफकिनमध्ये लाल विंचवावरची अशी लस तयार झाली. गोळी असताना लसीची गरज आहे का, असा प्रश्न कितीतरी वर्षं होता आणि गोळीच्या बाजूनं लिहिणाऱ्यांत खुद्द बावस्कर होते. चिपळूणचे डॉ. नातू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली लसीच्या बाजूचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. महाडलाही बावस्कर पति-पत्नींनी रीतसर चाचणी केली. सत्तर रोगी घेतले. कुणाला काय मिळणार हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं आधीच ठरलेलं असायचं. पस्तीस जणांना नुसती गोळी आणि पस्तीस जणांना गोळी अधिक लस.

दहा तासांनी मोजणी केली. नुसत्या गोळीवर पूर्ण बरे झालेले पस्तिसातले आठ. गोळी आणि लस दोन्ही मिळालेल्यांतले बत्तीस. बरं व्हायला सरासरी वेळ गोळीनं सतरा-अठरा तास, दोन्हींनी आठ तास. 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे आकडे जसेच्या तसे छापून आले. ज्या गोळीनं आपलं नाव जगभर झालं, ती एकटी पुरेशी नाही, हे त्यांनी स्वतःच्याच दवाखान्यात मोजून दाखवलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी प्राझोसिनबद्दल भरभरून लिहिलं. मला मात्र ते आठ आणि बत्तीस हे आकडे जास्त आठवत होते. आपलंच म्हणणं तपासायला चिठ्ठीच्या स्वाधीन करायचं, याला काळीज लागतं.

आता पुन्हा बडे अब्बांकडे येतो. 1997 मध्ये ते ऐंशीचे होते. भाऊ गेल्यावर वर्षभर त्यांनी कुणाचा विंचू उतरवला नाही. मग लोकांच्या आग्रहानं पुन्हा सुरू केलं. मी ते दोन लेख वाचले आणि मला पहिला प्रश्न पडला तो हा, की हे बडे अब्बांना सांगायचं का? सोळा वर्षं झाली होती. भाऊ धसक्यानं गेला, या समजुतीत निदान दोष कुणाचा नव्हता. ‘तुमच्या हाताखाली तो शांत झाला, ते बरं होणं नव्हतं’ असं ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला सांगून काय साधणार? अब्बा म्हणाले, ‘‘सांगू नकोस. मेलेलं पोर परत येणार आहे का?’’

पण दारावर थाप अजून पडत होती. मेलेलं पोर परत येणार नव्हतं, हे खरंच. पण नव्यानं चावलेलं पोर रात्री आमच्याच अंगणात आणलं जाणार होतं.

मी गावी गेलो आणि बडे अब्बांना मराठीत सगळं वाचून दाखवलं. उलटी, घाम, लाळ, गार हात. ताठरपणाचंही सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. ठणका कमी असतो, हे ऐकल्यावर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. बराच वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, ‘‘त्याचा हात गार होता, हे तू त्या रात्री बोलला होतास ना?’’ मी म्हणालो, ‘‘हो.’’ ते म्हणाले, ‘‘मी ऐकलं होतं.’’ एवढंच. पुढं ते रडले नाहीत, की मला काही बोलले नाहीत. मीच अंगणात जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत प्राथमिक आरोग्य केंद्रावर गेले. तिथल्या तरुण डॉक्टरला त्यांनी विचारलं, ‘‘ती गोळी तुमच्याकडे आहे का?’’ होती. 1986 नंतरच्या अकरा वर्षांत ती डोंगर ओलांडून आमच्या तालुक्यात पोचली होती. डॉक्टर म्हणाला, ‘‘चाचा, गोळी आहे हो. पण माणसं आधी तुमच्याकडे जातात आणि माझ्याकडे सकाळी येतात.’’

त्यानंतर बडे अब्बा सहा वर्षं जगले. दारावर थाप पडली की ते पूर्वीसारखेच उठायचे. वजू करायचे. पण दंशाच्या जागेकडे बघायच्या आधी चावलेल्याचे दोन्ही हात आपल्या हातात घ्यायचे. हात गार किंवा ओले लागले, उलटी झालेली असली, की म्हणायचे, ‘‘हे माझ्याच्यानं उतरायचं नाही. जीप काढा.’’ हात ऊबदार असले तरी म्हणायचे, ‘‘जीप काढा. मी बरोबर येतो.’’ आणि खरंच जीपमध्ये बसायचे. वाटेत दुवा म्हणायचे. ज्या घरांनी साध्या डॉक्टरचं ऐकलं नसतं, ती मुल्लाचाचा म्हणाले म्हणून रात्री दवाखान्यात गेली. त्यातली किती माणसं त्यामुळं वाचली, ते मला माहीत नाही. बडे अब्बांनी केसपेपर ठेवला नव्हता.

तुमच्यापैकी कुणी मला विचारेल, की मग दुवा खोटी का? मी एवढंच सांगेन, की बडे अब्बांनी मरेपर्यंत दुवा सोडली नाही आणि जीपही सोडली नाही. नुसत्या ठणक्याचा रोगी बहुधा वेळेनंच बरा होतो. त्या वेळेत कुणी आपला हात धरून बसलं तर बरंच वाटतं. चूक धीर देण्यात नव्हती. धीर देता देता बघायचं राहून गेलं, ती चूक होती.

म्हणून जाता जाता एवढंच. विंचू चावला तर तो केवढा होता, काळा होता की तांबडा, यावर वाद घालत बसू नका. ठणका किती आहे यावर अंदाज बांधू नका. माणसाला आडवं करा आणि जवळच्या दवाखान्याची वाट धरा. वाटेत त्याच्या हाताला हात लावून बघा. तो गार लागला, तर किती वाजता गार लागला तेही लक्षात ठेवा आणि डॉक्टरला पहिल्यांदा ते सांगा. लहान मूल तुम्हाला काही सांगायला आलं, तर त्याला झोप म्हणू नका.